हिरव्या जाळीचं लपण

यादव सरांचा नियम एकच होता आणि नाशिकच्या पक्षी टिपणाऱ्या मंडळींत तो पोराटोरांनाही पाठ होता. घरटं दिसलं की कॅमेरा पिशवीत. सरांनी तो टोप्यांवर छापून घेतला होता, चहाच्या मगांवर छापून घेतला होता. दर रविवारी पहाटे धरणाच्या काठावर नव्या भरतीला तो अशा थाटात ऐकवायचे, की जणू पाखरांनी आपलं वकीलपत्र याच माणसाला दिलंय. पांढरी दाढी, खाकी जाकीट, खर्जातला आवाज. अशा माणसावर विश्वास ठेवायला फार अक्कल लागत नाही. हर्षालीला तर अक्कल होती, शाळेत जीवशास्त्र शिकवायची ती. तरीही ठेवलाच.

कॅमेरा कसा धरायचा, श्वास कुठे रोखायचा, पाखराकडे सरळ न जाता तिरकं तिरकं कसं सरकायचं, सगळं तिला सरांनी शिकवलं होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. त्या रिकाम्या पाटावर तिने सरांना कधी बसवलं, हे तिचं तिलाही कळलं नाही. घरात काही गोडधोड झालं की पहिला डबा सरांकडे. नवरा संतोष चेष्टेने म्हणायचा, "माझ्या वाटणीचं उरलं तर मलाही दे." ती हसायची आणि डबा भरायची.

तिचं सासर ओझरच्या पुढे, मळ्यात. संतोष तिकडच्या विमान कारखान्यात कामाला, पण हर्षालीची शाळा शहरात म्हणून दोघं राहायला नाशिकला. सासू-सासरे मळ्यात. सासरे खंडेराव, त्यांना सगळे नाना म्हणायचे, झेंडू आणि शेवंती लावायचे, जोडीला वांगी-टोमॅटो. मळ्याच्या पूर्वेच्या बांधावर एक वठलेली शिंदी होती. शेंडा केव्हाच गळालेला, नुसता खांब उरलेला आणि वरच्या अंगाला एक ढोली. ती ढोली चासाची.

पुस्तकात त्याला नीलपंख म्हणतात, इंग्रज ब्लू जे म्हणायचे, मळ्यात मात्र तो चासच. बसलेला असला की मातकट, कोणी ढुंकूनही पाहू नये असा. उडाला की पंखांतून अशी निळाई सुटते, की बघणाऱ्याच्या हातातलं खुरपं हातातच राहतं. डोक्यावरून कारखान्याची विमानं कानठळ्या बसवत गेली तरी हा तारेवरून हलत नाही. नानांच्या घरात त्याचा मान मोठा. दसऱ्याला शिलंगणाहून परतताना चास दिसल्याशिवाय नाना उंबरा ओलांडत नसत. एका वर्षी तर दिवेलागण झाली तरी बांधावर बसून राहिले होते आणि सासूबाई, म्हणजे नवसाबाई, ओवाळायचं ताट घेऊन दारात ताटकळल्या होत्या. "त्या पाखरालाच घेऊन या मग घरात, मी त्यालाच ओवाळते," असं त्या म्हणाल्या होत्या. घरात अजूनही ते बोलणं निघायचं.

गेल्या हिवाळ्यात हर्षालीने शिंदीपासून थोड्या अंतरावर लपण उभारलं. लपण म्हणजे काय, चार बांबू आणि नानांच्या रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट. आत एक पाट आणि जमिनीपासून हातभर उंचीवर, लेन्स मावेल एवढी खिडकी. ती खिडकी तिने स्वतःच्या कात्रीने कापली. मग सुरू झालं बसणं. आधी नुसतंच बसणं, कॅमेऱ्याशिवाय. पाखरं लांबूनच बघून जायची. हळूहळू जवळच्या बाभळीवर टेकायला लागली. मग एके सकाळी नर लपणाच्या बांबूवरच येऊन बसला, तिच्या डोक्यावर, इतका जवळ की नाकतोड्याचे पाय मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. त्याच्या वरच्या चोचीचं टोक तुटलेलं होतं. तिने त्याचं नाव ठेवलं तुटक्या.

नाना येता-जाता टोमणा मारायचे. "आम्हाला वर्साकाठी एकदा दिसला तरी पुरतो. तुला रोज कशाला लागतो गं? सोयरीक जमवतीस का काय?"

"जमली की कळवते, नाना."

"कळव. मानपान बघावा लागंल."

असं चाललं होतं. सासऱ्या-सुनेचं इतकं जमलेलं घर पंचक्रोशीत नव्हतं आणि ते जमलं होतं ते या मुक्या पाखरापायी.

ही जागा हर्षालीने कोणालाही सांगितली नव्हती. फक्त सरांना सांगितली. गुरूपासून काय लपवायचं? फेब्रुवारीत ती त्यांना स्वतः मळ्यात घेऊन आली. सर लपणात बसले, तुटक्या बांबूवर येऊन टेकला, आणि बाहेर आल्यावर सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "याला साधना म्हणतात. हे पाखरू तुला घाबरत नाही, यापेक्षा मोठं बक्षीस नाही." परतीच्या वाटेवर तिला गाडी नीट चालवता येईना, डोळे सारखे भरत होते.

मार्च सरता सरता जोडी ढोलीत ये-जा करू लागली. नियम म्हणजे नियम. हर्षालीने कॅमेरा पिशवीत घातला आणि मळ्यातलं बसणं थांबवलं. लपण मोडून टाकावं म्हणाली, तर सरच म्हणाले, "नको, राहू दे. त्यांना त्याची सवय झालीय. आता बदल केलास तर बिचकतील." तिला वाटलं, केवढा बारकाईने विचार करतात सर!

मे महिन्याच्या अखेरीस, पिल्लं उडायला आली असतील या हिशेबाने ती दुर्बीण घेऊन मळ्यात गेली. ढोलीकडे कोणी येत नव्हतं, कोणी जात नव्हतं. बराच वेळ वाट बघून ती जवळ गेली. शिंदीच्या बुंध्याशी चार पिल्लं पडलेली होती. अंगावर पिसं फुटायच्या आधीचे काटे, डोळ्यांत मुंग्या. आणि पलीकडे बांधाचा एक तुकडा काळा पडलेला होता. नानांनी वाळलेलं गवत पेटवलं होतं, दरवर्षी पेटवतात तसं.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. बोलताना तिला हुंदका आवरेना. सर ऐकून घेत राहिले, मग सुस्कारा टाकून म्हणाले, "धूर. ढोलीत धूर भरला असणार. गुदमरून बाहेर पडली बिचारी. तुझ्या सासऱ्यांना दोष देऊन काय करणार, शेतकऱ्याला कोण सांगणार?"

दोष देऊ नको, असं सांगत सांगत त्यांनी दोष कुणाच्या पदरात घातला, हे तिला तेव्हा दिसलं नाही. ती तडक घराकडे गेली. नाना ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते.

"तुम्ही मारलीत ती पिल्लं," ती म्हणाली. "दसऱ्याला दर्शन पाहिजे आणि मेमध्ये काडी लावता. शोभत नाही तुम्हाला, नाना."

नानांनी मान वर केली. मग तिच्याकडे बराच वेळ असं पाहिलं, जसं बाजारात ओळखीच्या माणसाने माप मारावं आणि आपण नुसतं त्याच्याकडे पाहत राहावं. "तुला असंच म्हनायचं असंल तर म्हन," ते म्हणाले आणि पुन्हा नळी गुंडाळू लागले. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. हर्षालीने त्याचा अर्थ गुन्हा कबूल असाच घेतला.

त्यानंतर ती मळ्यात जायची ती पाहुण्यासारखी. पाणी प्यायची, सासूबाईंशी बोलायची, नाना आले की मोबाईलमध्ये डोकं घालायची. नानांनीही चेष्टा सोडली. श्रावणात सरांनी कुठल्याशा व्याख्यानात सांगितलं, "आपल्याच एका सदस्याच्या घरात, बांध पेटवल्यामुळे अख्खं घरटं संपलं." सभेत सगळे हळहळले आणि हर्षालीने मान खाली घातली. आपल्या घराची लाज वाटून!

नवरात्रात सरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि त्याच फोटोचं अनावरण व्हायचं होतं. सभागृह खचाखच भरलेलं. आभारप्रदर्शन हर्षालीकडे. मराठी माणसाच्या कार्यक्रमात हे काम सगळ्यात भरवशाच्या माणसाला देतात, कारण एखादं नाव राहिलं तर माणसं वर्षभर बोलत नाहीत.

पडदा सरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंतभर फोटो. बाभळीच्या आडव्या फांदीवर चार पिल्लं ओळीने बसलेली, चोची वासलेल्या, आणि वरून पंख पसरून बाप येतोय, चोचीत नाकतोडा. निळाई अशी, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी हात गालाला लावले. खाली पाटी होती, "कुटुंब. विदर्भातील एक माळरान."

हर्षालीनेही टाळ्या वाजवल्या. मग तिचे हात सावकाश थांबले. या वयाची, अंगावर नुसते काटे असलेली पिल्लं ढोलीच्या बाहेर येत नाहीत. ती फांदीवर ओळीने बसत नाहीत, त्यांना बसवावं लागतं. हे तिला सरांनीच शिकवलं होतं, असे फोटो दाखवून, "हे पाप आहे" असं सांगून. आणि फोटो कुठून काढलाय? जमिनीपासून हातभर उंचीवरून, बाभळीच्या डाव्या अंगाने. ती नजर तिच्या अंगात मुरलेली होती. अख्खा हिवाळा तिने जग त्याच भोकातून पाहिलं होतं. शेवटी तिने बापाच्या चोचीकडे पाहिलं. वरचं टोक तुटलेलं होतं.

विदर्भ कसला! तुटक्या होता तो.

स्टेजच्या मागे, हारतुऱ्यांच्या टेबलाशी तिने सरांना गाठलं.

"सर, हा तुटक्या आहे."

सरांनी हातातला हार टेबलावर ठेवला. मग तोच खर्जातला आवाज. "हळू बोल. ढोलीचं तोंड मोठं होतं, काढताना काही होणार नव्हतं. पिल्लं मी स्वतःच्या हाताने परत ठेवली."

"मेली ती, सर. मी तुम्हाला फोन केला होता. मी रडत होते."

"मला वाईट वाटलंच की. पण विचार कर, हर्षाली, हा फोटो बघून किती लोकांना पाखरांचा लळा लागेल. चार पिल्लांच्या बदल्यात."

"आणि धूर? धूर कोणी म्हटलं?"

"तू कारण विचारलंस. मी एक शक्यता सांगितली." त्यांनी जाकीट सारखं केलं. "तुझंही नाव घेणार आहे मी भाषणात. लपण तुझंच होतं ना."

कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडे मागायची? हर्षालीला मेल्यासारखं झालं, पण पिल्लांसाठी नव्हे, अजून तरी नाही. तिला आठवत होता तो डोक्यावरचा हात. साधना म्हणाले होते. म्हणजे तेव्हाच, बांबूवर पाखरू टेकलं तेव्हाच, या माणसाने मनात फ्रेम लावली होती. तिने एकेक सकाळ घालवून पाखरांची भीती घालवली आणि ती गेलेली भीती याने फुकटात वापरली. केसाने गळा कापला, आणि गळाही तिनेच पुढे केला होता.

आभाराला ती उभी राहिली तेव्हा कागद तिच्या हातात होता. सभागृहवाल्यांचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, फुलवाल्याचे, चहावाल्या भागुबाईंचे मानले. मग कागदाची घडी घातली.

"यादव सरांचे आभार मी मानणार नाही," ती म्हणाली. "ही पिल्लं ढोलीतून काढून फांदीवर मांडलेली आहेत. जागा विदर्भातली नाही, माझ्या सासऱ्यांच्या बांधावरची आहे. ती पिल्लं मेली. बांध पेटवून माझ्या सासऱ्यांनी मारली असं सरांनी सांगितलं आणि मी ते खरं मानलं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली."

सभागृहात कोणीतरी खोकलं. सर खुर्चीत बसून दुःखी हसत होते, लेकीने भर मांडवात हट्ट करावा तसे. निवेदकाने चपळाईने माईक घेतला आणि चहापानाची व्यवस्था बाहेर केली आहे, असं सांगितलं. माणसं उठली. दोन-तीन जण तिच्याकडे बघून गेले. एक जुना सहकारी जवळ येऊन कुजबुजला, "मॅडम, खरं असेलही, पण ही जागा नव्हती." बाकीच्यांनी त्या फोटोसमोर उभं राहून सेल्फी काढले. घरी जाऊन तिने संतोषला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला नको सांगू. नानांना सांग."

दसऱ्याच्या दिवशी दोघं मळ्यात पोहोचले तेव्हा झेंडूचा शेवटचा तोडा बाजारात रवाना झाला होता. संतोष आत गेला. नाना रिकाम्या क्रेट एकात एक बसवत होते. हर्षाली त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं पार विसरली होती.

"नाना, पिल्लं तुम्ही नाही मारली. सरांनी मारली. मला माफ करा."

नानांनी हातातली क्रेट खाली ठेवली. "हे आज कळलं व्हय तुला?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? शिडी मीच दिली त्यांना."

"शिडी? सरांना?"

"दोन मानसं घेऊन आले व्हते तुझे सर. तू नाशकात व्हतीस. म्हनले, हर्षालीनंच पाठवलंय. मी म्हनलं, मग काय, घरचंच मानूस. तुझ्या सासूनं पोहे केले त्यांना. दुपारभर व्हते. पाखरं वर घिरट्या घालून नुसती वरडत व्हती. माझ्या जिवाला लय लागलं ते. पन म्हनलं, आपन काय सांगायचं, सुनंचे गुरू हायेत, शिकलेलं मानूस हे, त्यांला समजत असंल."

"मग मी तुमच्यावर आळ घेतला, तेव्हा का नाही बोललात?"

नानांनी गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं.

"मला वाटलं, तुला समदं माहीत हे. तूच पाठवलंस म्हनून. म्हनलं, गुरूला झाकाया पोरीनं सासऱ्याला पुढं केलं. आता तुलाच त्यो जवळचा असंल, तर मी काय बोलू? तुझ्या सासूलाबी म्हनलं, विषय काढू नको."

हर्षाली तिथल्याच एका क्रेटवर बसली. इतके महिने तिला वाटत होतं की या घरात फसवली गेली ती आपणच. आणि हा म्हातारा त्याच ओट्यावर बसून, तिनेच केसाने गळा कापला असं समजून, तिचं पाहुण्यासारखं येणं-जाणं गप बघत होता. ती रडली. मोठ्याने, लाज सोडून रडली. नवसाबाई दारात आल्या, एकदा बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तिलाही तो नको होता. डोक्यावर ठेवलेल्या हाताची तिला आता भीती वाटत होती.

"ऊठ," शेवटी ते म्हणाले. "सनासुदीचं रडू नये. शिलंगणाला जायचं हे."

गावाच्या वेशीवर आपट्याची पानं लुटून माणसं परतली. नाना मात्र बांधावर थांबले, नेहमीसारखे. मेनंतर ढोलीकडे कोणी फिरकलं नव्हतं, पण जोडी अधूनमधून पलीकडच्या तारेवर दिसते, असं ते म्हणाले. हर्षाली थेट लपणाकडे गेली. पावसाने बांबू कलले होते, जाळीवर वेल चढला होता. तिने गाठी सोडायला सुरुवात केली. सुटेनात तेव्हा दातांनी सोडल्या. शेवटी सगळी जाळी ओढून काढली आणि खांद्यावर टाकून वळली.

तेवढ्यात तो आला. तारेवर टेकला, मान वळवली. मावळतीचं ऊन त्याच्या तोंडावर होतं, तुटकी चोच तिला डोळ्यांनीच दिसली, दुर्बिणीची गरज नव्हती. ती जागच्या जागी थिजली. सगळ्या हिवाळ्यात शिकलेलं अंगात आलं आणि श्वास आपोआप रोखला गेला. तुटक्याने तिला पाहिलं, खांद्यावरची हिरवी जाळी पाहिली, आणि घसा फाटल्यासारखा ओरडत उडाला, पार पलीकडच्या शिवारात. विमानाला न भिणारं पाखरू!

नानांना तो धड दिसलाच नाही. ते डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "आला व्हता ना? पाठ फिरवून गेला, ते काय दर्शन नव्हं."

दोघं उभी राहिली. ऊन उतरलं. तो दोनदा लांबून आला आणि दोनदा परत गेला. घराच्या दारात नवसाबाई ताट घेऊन दिसत होत्या. नानांनी तिच्याकडे न बघता, शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हटलं,

"पोरी, तू जरा गोठ्यामागं जाऊन थांबतीस का? तुला बघून येत नसंल त्यो."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. हर्षालीने मान हलवली. जाळी उचलली, गोठ्यामागे गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत गाय शेपटीने माश्या वारत होती. बऱ्याच वेळाने बांधाकडून तो खरखरीत आवाज आला, अगदी जवळून आला. मग नानांचा आवाज आला.

"आला गं, आला! बसला बघ शिंदीवर." मग लगेच, घाईने, "तू नको येऊ. तिथंच थांब."

ती तिथंच थांबली.